एनएफएल ड्राफ्टमध्ये लाईनमन कसा निवडायचा: आधी पाय बघा, पोट नंतर

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिथल्या टीमनी कॉलेजची पोरं वाटून घ्यायची. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळे घरात कोंडलेले असताना आमच्या ऑफिसच्या ग्रुपने झूमवर मॉक ड्राफ्ट ठेवला होता. म्हणजे खरा ड्राफ्ट व्हायच्या आदल्या रात्री चिठ्ठी काढून प्रत्येकाने एकेक टीम घ्यायची, ती टीम आपल्या हातात असती तर कोणाला उचललं असतं ते सांगायचं, आणि तीन वर्षांनी ज्याचा पिक सगळ्यात जोरात आपटलेला असेल त्याने सगळ्यांना वडापाव खायला घालायचा. मला जेट्स आली, अकरावा नंबर. जेट्सना टॅकल, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला वाचवणाऱ्या रांगेतला टोकाचा गडी, हवाय एवढं मलाही कळत होतं. समोर दोन नावं उरलेली, मेकाय बेक्टन आणि ट्रिस्टन वर्फ्स. बेक्टन ६ फूट ७ इंच, ३६४ पाउंड म्हणजे १६५ किलो, आणि एवढा डोंगर ४० यार्ड ५.१० सेकंदात पळाला होता. मी तो पळण्याचा व्हिडिओ चार वेळा बघितला आणि दुसरं काहीही न बघता बेक्टन म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या रात्री खऱ्या जेट्सनीही तोच घेतला, तेव्हा तर मी घरात नाचलो, बायको म्हणाली शेजारी झोपलेत.

वर्फ्स दोन नंबर पुढे, तेराव्याला, टॅम्पा बेकडे गेला. पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला आणि आज लीगमधल्या सगळ्यात भारी टॅकलमध्ये त्याचं नाव घेतात. बेक्टनचं पहिलं वर्ष बरं गेलं, पण २०२१ च्या पहिल्याच मॅचला गुडघा गेला आणि २०२२ चा अख्खा सीझन तो बाहेर बसला. आता गुडघा काही माझ्या हातात नव्हता हे खरं, पण मी बघितलं काय होतं? फक्त आकार. २०२३ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनहून चौदा वडापाव पार्सल घेऊन ऑफिसला गेलो तेव्हा डब्यातल्या लसणाच्या चटणीच्या वासाने अख्खा मजला गोळा झाला.

आमच्यातला एकजण ओहायोचा आहे, शाळेत चार वर्षं गार्ड खेळलेला, आम्ही त्याला कोचच म्हणतो. त्यानंतर त्याने मला शिकवायला घेतलं, त्यातलं जे डोक्यात राहिलं ते इथे लिहितोय. ज्यांनी नुकतंच एनएफएल बघायला सुरुवात केलीय, ऑफिसच्या मॉक ड्राफ्टमध्ये ओढले गेलेत, किंवा पुण्यात बसून शुक्रवारी पहाटे साडेपाचला पहिला राउंड लावतात आणि टॅकलचं नाव पुकारलं की चहा ठेवायला उठतात, त्यांच्यासाठी.

सुरुवातीला एवढंच माहीत असू द्या

बॉल ज्यांच्याकडे असतो त्या टीमचे मधले पाच जाडे गडी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाईन. मधला सेंटर, तो दोन पायांमधून बॉल मागे देतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि टोकाला टॅकल, एक डावा एक उजवा. पास टाकायचा असेल तर क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायची आणि पळायचं असेल तर समोरच्यांना बाजूला सारून वाट करून द्यायची, एवढंच काम. सेंटर सोडला तर बाकीच्यांचा बॉलला हात लागत नाही आणि स्टेडियममध्ये त्यांचा नंबर माइकवर येतो तो फक्त चूक झाली की, होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवणं) झालं तर १० यार्ड मागे, फॉल्स स्टार्ट (बॉल हलायच्या आधीच हलणं) झाला तर ५.

ड्राफ्ट म्हणजे एप्रिलच्या शेवटी तीन दिवस, ३२ टीम, ७ राउंड, कॉलेजमधून आलेल्या पोरांची वाटणी. मागच्या सीझनला जो सगळ्यात हरला तो पहिला उचलतो, जो सुपर बोल जिंकला तो शेवटी. ह्यातली खरी गंमत पैशात आहे. २०११ पासून नवख्यांचा पगार नंबरानुसार जवळपास ठरलेला असतो आणि करार चार वर्षांचा, पहिल्या राउंडवाल्यांचा टीमला वाटलं तर पाचवं वर्ष. तयार झालेला टॅकल बाजारात घ्यायला गेलात तर घाम फुटतो, २०२४ मध्ये डेट्रॉइटने पेनेई सूलला चार वर्षांचे ११.२ कोटी डॉलर दिले. म्हणून प्रत्येकाला लाईनमन ड्राफ्टमधूनच हवा असतो, आणि म्हणूनच घाईघाईत चुका होतात.

पायरी १: आपल्याला नक्की कुठल्या जागेसाठी हवाय

"लाईनमन हवाय" म्हणणं म्हणजे "भाजी आण" म्हणण्यासारखं आहे. टॅकलच्या समोर येणारा पोरगा हा मैदानावरचा सगळ्यात चपळ राक्षस असतो आणि टॅकलला त्याला मोकळ्या जागेत एकट्याने अडवायचं असतं, मदतीला कोणी नाही. गार्डच्या दोन्ही बाजूंना माणूस असतो, जागा कमी, धडक जास्त. सेंटरला बॉल द्यायचाय, लगेच कोणालातरी अडवायचंय आणि त्याआधी समोरचे कसे उभे आहेत ते बघून बाकीच्या चौघांना ओरडून सांगायचंय की तू ह्याला घे, तू त्याला.

म्हणून टॅकल महाग, पहिल्या राउंडमध्ये पटापट जातात. त्यातही डावा जास्त भाव खाऊन जायचा कारण उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला येते, तिकडून येणारा त्याला दिसतच नाही. आता समोरच्या टीम आपला सगळ्यात भारी गडी दोन्ही बाजूंनी फिरवतात त्यामुळे उजवा टॅकल म्हणजे दुय्यम, हे जुनं झालं. ईगल्सचा लेन जॉन्सन उजवाच, वर्फ्सही आधी तीन वर्षं उजवाच होता. गार्ड इतक्या वर गेला की लोक भुवया उंचावतात, २०१८ ला कोल्ट्सनी क्वेंटन नेल्सनला सहाव्या नंबरला घेतला तेव्हा असंच झालं होतं, आणि त्याने सगळ्यांची तोंडं बंद केली. सेंटर मात्र खाली मिळतात. जेसन केल्सी २०११ ला १९१ वा, क्रीड हम्फ्री २०२१ ला ६३ वा. माझं मत विचाराल तर नवख्याने पहिल्या मॉक ड्राफ्टमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला सेंटर घ्यावा, आपटायची शक्यता कमी आणि लोकांना वाटतं ह्याला काहीतरी कळतं.

गरज आणि किंमत ह्यांचं भांडण इथेच सुरू होतं. २०२१ चं सिनसिनाटी आठवा. त्यांच्या क्वार्टरबॅकचा, जो बरोचा, गुडघा पहिल्याच वर्षी फाटलेला, सगळं गाव ओरडतंय की टॅकल घ्या, सूल समोर आहे, आणि त्यांनी पाचव्या नंबरला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, घेतला, जमार चेस. सूल सातव्याला डेट्रॉइटला गेला. मग काय झालं तर त्याच वर्षी सिनसिनाटी थेट सुपर बोलला पोचलं! आणि त्याच वर्षी प्लेऑफच्या एका मॅचमध्ये बरो नऊ वेळा आडवा झाला, तरी जिंकला, आणि सुपर बोलमध्ये सात वेळा आडवा झाला आणि तीन पॉइंटने हरला. कोण बरोबर होतं? आमच्या ऑफिसात ह्यावर अजून भांडणं होतात. मी सूलवाला आहे, पण चेसवाल्यांकडेही सांगण्यासारखं भरपूर आहे हे मान्य.

आणखी एक, टीम बॉल घेऊन पळायचं काम कसं करते ते बघून ठेवा. काही टीमना पाचही जण एकाच दिशेने सरकत जातील अशी चपळ पोरं लागतात, ह्याला झोन म्हणतात, काहींना समोरच्याला सरळ उचलून मागे नेणारे रेडे लागतात. चुकीच्या घरात दिलेला चांगला पोरगाही वाया जातो.

पायरी २: बॉल बघायचा बंद करा

हे सांगायला सोपं आणि करायला भयंकर अवघड. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो आणि आपले डोळे कॅमेऱ्याच्या मागे. तर कॉलेजची मॅच यूट्यूबवर लावायची, आपल्या पोराचा नंबर कागदावर लिहून समोर ठेवायचा आणि अख्खी मॅच फक्त त्याच्याकडे बघायचं, टचडाउन झालं तरी. मला पहिल्यांदा तीन वेळा मागे घ्यावं लागायचं कारण बॉल उडाला की मान आपोआप वळायची.

किती मॅच? तीन तरी. त्यातली एक त्याच्या सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्यासमोरची हवीच. रशॉन स्लेटरचं उदाहरण घ्या, नॉर्थवेस्टर्नचा. त्याने २०२० चा कॉलेज सीझन खेळलाच नाही, तरी २०२१ ला तेराव्या नंबरला गेला, आणि त्यामागे मोठा भाग होता २०१९ च्या ओहायो स्टेटविरुद्धच्या मॅचचा, जिथे समोर चेस यंग होता, तोच जो पुढच्या ड्राफ्टमध्ये दुसरा गेला. नॉर्थवेस्टर्न ती मॅच ५२-३ ने हरलं, पण स्लेटरने यंगला ज्या तऱ्हेने थोपवून धरलं ते बघायला सगळे स्काउट परत परत तीच फिल्म लावत होते. स्कोअरबोर्डवर ह्यातलं काहीच दिसत नाही.

उलट, कमकुवत टीमसमोर माणसं लोळवतानाचे हायलाइट्स असतात ना, त्याला पॅनकेक म्हणतात, समोरच्याला उताणा पाडून वर पडायचं, ते बघा, मजा घ्या, आणि विसरून जा.

पायरी ३: पाय, मग कंबर, मग हात

ह्याच क्रमाने. पासच्या वेळी टॅकल काय करतो ते एकदा सावकाश बघू. बॉल हलला की बाहेरचा पाय मागे तिरका टाकतो, आतला पाय त्याच्या मागे ओढतो, परत बाहेरचा, परत आतला, म्हणजे तो समोर तोंड करून मागे घसरत जातो. ह्याला किक स्लाइड म्हणतात. ह्यात दोन पाय कधी एकमेकांना चिकटले किंवा एकमेकांवरून गेले की संपलं, त्या क्षणी त्याला कोणीही ढकलेल. चांगल्याचे पाय जमिनीपासून फार उचललेच जात नाहीत, सतत टकटकटक चालू असतात. वाईटाचे पाय धप्प, धप्प, आणि मग थांबतात. हात समोरच्याला लागले की पाय थांबवायची सवय फार जणांना असते, त्यांना वाटतं पकडलं म्हणजे झालं.

मग कंबर. हे मला कोचने ऑफिसच्या पँट्रीत शिकवलं. म्हणाला उभा राहा लाईनमनसारखा. मी टीव्हीवर बघितलेलं तसा कमरेतून पुढे वाकून, हात पुढे काढून, चेहरा वाकडा करून उभा राहिलो. त्याने माझ्या शर्टाला दोन बोटांनी धरलं आणि स्वतःकडे नुसतं हलकंसं खेचलं. मी सरळ कॉफी मशिनवर. मग म्हणाला आता कमरेतून वाकू नको, गुडघ्यातून बस, पाठ सरळ, छाती वर, जशी खुर्ची मागे आहे. आता त्याने खेचलं, मग दोन्ही हातांनी ढकललं, आणि मी जागचा हललो नाही असं नाही, पण पडलो नाही. आपल्याकडे आखाड्यात बैठका मारून मारून जे करून घेतात ते हेच. कमरेतून वाकणारा लाईनमन कॉलेजमध्ये नुसत्या ताकदीवर निभावून नेतो, एनएफएलमध्ये त्याला समोरचा एक झटका देऊन तोंडावर पाडतो आणि पुढे निघून जातो.

कुस्तीचा विषय निघालाच आहे तर, पोराने शाळेत कुस्ती केलीय का ते जरूर बघा. आयोवा राज्य म्हणजे अमेरिकेचं कोल्हापूर समजा, आणि तिथल्या विद्यापीठातून चांगले लाईनमन येतच राहतात. वर्फ्स तिथलाच, शाळेत असताना राज्याचा कुस्ती चॅम्पियन. २०२२ ला रेव्हन्सनी घेतलेला सेंटर टायलर लिंडरबॉमही तिथलाच, आणि शाळेत हे दोघं एकमेकांशी कुस्ती खेळलेत. पण ह्या सगळ्यांचा बाप म्हणजे स्टीफन नील. कॉलेजमध्ये हा माणूस फुटबॉल खेळलाच नव्हता, नुसती कुस्ती, आणि १९९९ च्या कॉलेज फायनलला त्याने कोणाला हरवलं माहितीये? ब्रॉक लेसनरला. हो, तोच आपला डब्ल्यूडब्ल्यूईवाला. नीलला ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, नंतर पॅट्रियट्सकडे गार्ड झाला आणि तीन सुपर बोल जिंकला.

शेवटी हात. हात समोरच्याच्या छातीत, आतल्या बाजूने लागले पाहिजेत, खांद्यांच्या बाहेर गेले की ते मिठी मारल्यासारखं दिसतं आणि रेफरी पिवळा रुमाल टाकतो. आणि कधी मारतो ते बघा. घाबरलेला पोरगा फार लवकर दोन्ही हात फेकतो, समोरचा ते खाली झटकून जातो.

पायरी ४: तो हरताना बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि ह्यावर कोणी फारसं बोलत नाही. प्रत्येक लाईनमन हरतो. मॅचमध्ये साठ-सत्तर वेळा भिडायचं तर चार-पाच वेळा समोरचा निघून जाणारच. तुम्ही वहीत त्या चार-पाच वेळाच लिहायच्या. मी दोन रकाने करतो, कसा हरला आणि हरल्यावर काय केलं.

कसा हरला ह्यात फरक आहे. हात जरा उशिरा गेले, किंवा समोरचे दोघं एकमेकांना क्रॉस करून आले आणि ह्याने चुकीचा धरला, हे शिकवून सुटतं. पण समोरचा नुसता बाहेरून पळाला आणि हा तिथपर्यंत पोचलाच नाही, किंवा समोरच्याने छातीत डोकं घालून सरळ मागे लोटत नेऊन क्वार्टरबॅकच्या मांडीत बसवला आणि हा मॅचभर एकदाही खाली बसून थांबवू शकला नाही, तर ते कोच कितीही घसा फाडून ओरडला तरी लवकर सुटत नाही.

आणि हरल्यावर? काहीजण हात सोडून मागे वळून बघतात, बस सुटल्यावर आपण बघतो ना तसं. काहीजण अर्धे पडलेले असतानाही एक हात लांब करून समोरच्याला कोपऱ्यात ढकलत राहतात, क्वार्टरबॅकला अर्धा सेकंद मिळतो आणि पास जातो. आकड्यांमध्ये दोन्ही सारखंच, प्रेशर दिलं म्हणून लिहितात. मला दुसरा हवा. शिवाय हरल्यानंतरचा पुढचा प्ले पण बघा, घाबरून फार मागे सरकायला लागला का? तसं झालं की हुशार प्रतिस्पर्धी आतून घुसतो, आणि एकदा चव लागली की मॅचभर तेच करतो.

चौथ्या क्वार्टरचं सेपरेट बघा. १४० किलो घेऊन तीन तास. दमला की सगळ्यात आधी कंबर वाकते.

पायरी ५: टेप आणि घड्याळ

फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कम्बाइन होतो, सगळ्या पोरांना मोजतात, पळवतात, उड्या मारायला लावतात. आकड्यांचा पाऊस पडतो आणि नवखा माणूस इथेच वाहून जातो, मी गेलोच होतो.

४० यार्डची वेळ लाईनमनसाठी जवळपास टाइमपास आहे, अख्ख्या सीझनमध्ये तो किती वेळा सलग ४० यार्ड पळणार? पहिल्या १० यार्डची वेळ त्यातून वेगळी काढतात ती बघा, त्यात पाय किती झटकन सुटतात ते कळतं. उभ्याने लांब उडी आणि उंच उडी कामाची, कमरेखालचा जोर दिसतो. वर्फ्सने ३६.५ इंच उंच उडी मारली होती, मला वेळ काढून तेवढं बघता आलं असतं तर चौदा वडापाव वाचले असते. २२५ पाउंडचा बेंच प्रेस जिममधल्या मित्रांना सांगायला बरा.

आकड्यांनी दोन्हीकडून फसवलंय. १९८९ ला पॅकर्सनी टोनी मँडरिचला दुसऱ्या नंबरला घेतला, शरीर बघून सगळे वेडे झालेले, आणि त्याच्या लगेच मागे गेलेले तिघं बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस, डिऑन सँडर्स, तिघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये. मँडरिचला पॅकर्सनी काही वर्षांत सोडून दिलं. दुसऱ्या बाजूला २०१८ चा ऑरलँडो ब्राउन ज्युनिअर, ४० यार्ड ५.८५ सेकंद, बेंच प्रेस फक्त १४ वेळा, सगळे हसले, तिसऱ्या राउंडपर्यंत घसरला आणि पुढे कॅन्सस सिटीचा डावा टॅकल म्हणून सुपर बोल जिंकला. त्याच्या हातांची लांबी ३५ इंच होती, ती मात्र कोणी हसण्यावारी नेली नव्हती.

हातांच्या लांबीवर तर दरवर्षी महाभारत. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात आणि टॅकलला ३३-३४ इंच तरी हवेत असा एक अलिखित नियम आहे. कारण साधं आहे, भावाशी समोरासमोर उभे राहा आणि दोघांनी एकमेकांच्या छातीला हात लावायचा प्रयत्न करा, ज्याचा हात लांब त्याचाच आधी पोचणार आणि दुसरा हवेत. २०२५ ला एलएसयू (लुइझियाना स्टेट) विद्यापीठाचा विल कँपबेल कम्बाइनला ३२ आणि पाच अष्टमांश इंच भरला, नंतर कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजमध्येच होणाऱ्या चाचणीला) ३३, आणि ह्या पाऊण बोटावर लोकांनी महिनाभर डोकी फोडली. पॅट्रियट्सनी त्याला चौथ्या नंबरला घेतलाच. स्लेटरही जेमतेम ३३ चा, त्यालाही गार्ड करा म्हणत होते, तो पहिल्याच वर्षी डावा टॅकल म्हणून प्रो बोलला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत, गेला. माझा हिशोब असा की हात आखूड असतील तर पाय दुप्पट चांगले हवेत. पाय चांगले नसतील तर आत गार्डला सरकवा.

पायरी ६: डॉक्टर

ह्यात आपल्यासारख्यांना काही दिसत नाही, टीमच्या डॉक्टरांना दिसतं. एवढंच लक्षात ठेवा की चांगला दिसणारा पोरगा उगाच घसरत असेल तर बहुतेक वेळा तब्येतीचा कागद कारण असतो. टेनेसीच्या ट्रे स्मिथला फुफ्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या, २०२१ ला तो सहाव्या राउंडमध्ये २२६ वा गेला. कॅन्सस सिटीने घेतला आणि पहिल्या मॅचपासून खेळवला. त्याच्या आदल्या फेब्रुवारीत त्यांचे दोन्ही मुख्य टॅकल जखमी असताना सुपर बोलमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक मॅहोम्स रात्रभर जीव घेऊन पळत होता, ३१-९ ने हरले, मग उन्हाळ्यात अख्खी लाईनच बदलली, त्यात हम्फ्री आणि स्मिथ ड्राफ्टमधून. दोन वर्षांनी ईगल्ससमोर सुपर बोल, ज्या ईगल्सनी त्या सीझनला ७० सॅक केले होते, म्हणजे बॉल फेकायच्या आधीच समोरच्या क्वार्टरबॅकला पाडलं होतं, त्यांना त्या रात्री एकही मिळाला नाही. सहाव्या-सातव्या राउंडला धोका पत्करायला काही जात नाही, पहिल्याला पत्करू नका.

पायरी ७: ड्राफ्टच्या रात्री

यादी नंबरवार करू नका, गठ्ठे करा. पहिल्या गठ्ठ्यात ज्यांच्यावर तुम्ही झोपेतही सही कराल असे दोन-तीन, दुसऱ्यात चार-पाच, तिसऱ्यात अजून कच्चे, घडवायला लागतील असे. मग आपला नंबर यायच्या आधी पहिला गठ्ठा संपतोय असं दिसलं तर वर सरकायचं. टॅम्पाने २०२० ला तेच केलं. १४ वा नंबर त्यांचाच होता, पण वर्फ्ससाठी चौथ्या राउंडचा पिक देऊन एकच नंबर वर गेले. एका नंबरासाठी! आमच्या झूमवर सगळे हसले होते त्यावर.

आणि गठ्ठा संपला असेल तर हट्ट करू नका. २०१३ ला पहिल्या चार नंबरांत तीन टॅकल गेले, एरिक फिशर, ल्यूक जोकेल, लेन जॉन्सन. जोकेलला सगळे सगळ्यात पक्का समजत होते, जॅग्वार्सनी करार संपल्यावर त्याला सोडलं. फिशर बरा निघाला. तिघांत सगळ्यात कच्चा म्हणून ज्याच्याकडे बघत होते तो जॉन्सन, ज्युनिअर कॉलेजला क्वार्टरबॅक असलेला, तोच सगळ्यात मोठा झाला. आणि डेव्हिड बख्तियारी त्याच वर्षी चौथ्या राउंडमध्ये १०९ वा, पॅकर्सचा कितीतरी वर्षांचा डावा टॅकल. त्यामुळे आठव्या-दहाव्या नंबरला तिसऱ्या गठ्ठ्यातला टॅकल ओढून घेण्यापेक्षा थांबा, खाली मिळतात.

पायरी ८: शिकवणार कोण

मॉक ड्राफ्टमध्ये हे कोणी धरत नाही, म्हणून तुम्ही धरा. निवडलेल्या पोराला लाईनचा कोच कोण मिळतोय ते शोधा. ईगल्सकडे जेफ स्टाउटलंड बरीच वर्षं होते. २०१८ ला ईगल्सनी सातव्या राउंडमध्ये जॉर्डन मायलाटा घेतला, ऑस्ट्रेलियाचा रग्बी खेळाडू, ६ फूट ८ इंच, ज्याने आयुष्यात अमेरिकन फुटबॉलची एक मॅच खेळली नव्हती. स्टाउटलंडनी त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं, दोन वर्षं नुसतं शिकवलं. आज तो डावा टॅकल आहे.

आणि २०२४ मध्ये त्यांच्याकडे अजून एकजण आला, जेट्सनी करार संपल्यावर सोडलेला, एका वर्षाच्या करारावर, टॅकल म्हणून कोणाला फारसा नको असलेला. त्यांनी त्याला उजवा गार्ड केला. मोकळ्या जागेत नाचायचं काम काढून घेतलं, आत उभं केलं, आणि सांगितलं समोरच्याला हलव. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सनी सुपर बोल ४०-२२ ने जिंकला आणि कॉन्फेटीत उभा तो कोण, मेकाय बेक्टन.

मी त्याच रात्री ग्रुपवर मेसेज टाकला की माझा पिक सुपर बोल जिंकलाय, चौदा वडापावचे पैसे परत करा. सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. कोचचा रिप्लाय सकाळी आला: तू टॅकल घेतला होतास, हा गार्ड आहे, आणि तुझी मुदत २०२३ ला संपली.